पीसी चालू होतो पण डिस्प्ले येत नाही? मदरबोर्डवरचा कोड वाचायचा कसा, अगदी पहिल्यापासून

पंखे फिरतायत, लाईटी लागल्यात, कीबोर्डचा दिवा एकदा लुकलुकून विझला आणि मॉनिटर म्हणतोय नो सिग्नल. पोटात गोळा येतो तेव्हा. माझ्यावर ही वेळ जुलै महिन्यात आली. मी भांडुपला घरून लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, आठवडाभर गावाला जाऊन आले होते, मुंबईत धो धो पाऊस, घर बंद होतं, आल्या आल्या पीसी लावला तर स्क्रीन काळी. आणि दोन दिवसांनी एका पार्टीला व्हिडिओ द्यायचा होता.

जवळच्या एका रिपेअरवाल्याला बोलावलं, त्याने पाच मिनिटं बघितलं, मॉनिटरची वायर हलवली आणि सांगितलं "बोर्ड गेलाय मॅडम, नवीन टाकावा लागेल". बघायचे पैसे घेतले ते वेगळेच. मी बोर्डाच्या, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मदरबोर्डच्या किमती शोधत बसले होते तेवढ्यात मैत्रिणीच्या नवऱ्याशी फोनवर बोलणं झालं, ते सर्व्हर रूममध्ये काम करतात. त्यांनी एकच विचारलं, "अगं, बोर्डाच्या कोपऱ्यात दोन लाल आकडे दिसतायत का बघ." मी काचेतून वाकून बघितलं. म्हटलं, "हो भावोजी, पंचावन्न दिसतंय." ते म्हणाले, "मग बोर्ड जिवंत आहे, बोलतोय तो. त्याला रॅम दिसत नाहीये. रॅम काढ, पूस आणि परत लाव."

दहा मिनिटांत पीसी सुरू झाला. तो ५५ आकडा रिपेअरवाला आला होता तेव्हाही तिथेच चमकत होता, आम्हा दोघांपैकी कुणीच तो वाचला नाही. त्यानंतर मी हे सगळं नीट शिकून घेतलं, ओळखीतल्या सात-आठ जणांचे पीसी या कोडवरून सुरू करून दिले, आणि नव्याने पीसी जोडणाऱ्यांची तीच धावपळ होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

हा कोड असतो तरी काय

पीसीचं बटन दाबलं की विंडोज यायच्या आधी बोर्डवरचं बायोस, म्हणजे बोर्डातच भरलेला छोटा प्रोग्राम, जागं होतं, नवीन बोर्डात त्याला यूईएफआय म्हणतात पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात. ते एकेक पार्ट तपासत पुढे जातं, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड, यूएसबी, हार्डडिस्क. या तपासणीला पोस्ट म्हणतात, म्हणजे पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. प्रत्येक टप्प्यावर बायोस एक छोटा आकडा एका ठरलेल्या पत्त्यावर लिहून ठेवतं, त्या पत्त्याला पोर्ट ८० म्हणतात, आणि ही पद्धत १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून चालत आलीये. बोर्डवर दोन आकड्यांचा डिस्प्ले असेल तर तो आकडा तिथे दिसतो. आकडे ०० पासून एफएफपर्यंत, म्हणजे एकूण २५६. यात ० ते ९ तर असतातच, शिवाय इंग्रजी ए ते एफ ही अक्षरंही आकडे म्हणूनच येतात, त्यामुळे डी६ किंवा एए दिसलं तर डिस्प्ले बिघडलाय असं समजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यावरच लोक फसतात. कोड सांगतो की गाडी कुठल्या स्टेशनला थांबली. इंजिन बिघडलं की सिग्नल पडला की रुळावर पाणी आलं ते तो सांगत नाही. ५५ म्हणजे रॅम मिळाली नाही, पण रॅम खराब असेलच असं नाही. रॅमचा कंट्रोलर आजकाल प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे प्रोसेसर बसतो त्या सॉकेटची एखादी पिन वाकडी असली किंवा प्रोसेसरवरचा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला असला तरी ५५ च येईल. म्हणून कोड बघून लगेच पार्ट विकत घ्यायला पळू नका, कोडवरून फक्त तपासायला सुरुवात कुठून करायची ते ठरवा.

काय काय जवळ ठेवायचं

- बोर्डाचं मॅन्युअल. डब्यातलं पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या साईटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचं पीडीएफ. मॉडेलचं नाव बोर्डवरच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं.
- चांगला उजेड आणि फोनचा कॅमेरा
- फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर
- पांढरा मऊ खोडरबर, सुती कापड, मिळालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल
- सीआर२०३२ सेल एक, मेडिकलवाल्याकडे किंवा घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो
- पेनड्राईव्ह, बायोस टाकायची वेळ आली तर
- वही-पेन. हे हसण्यावारी नेऊ नका, पाचव्या प्रयत्नानंतर काय काय करून झालं ते डोक्यात राहत नाही.
- प्रत्येक पार्टचं बिल आणि सीरियल नंबरचा फोटो. वॉरंटीची वेळ आली तर हेच कामाला येतं.

१. आधी वायरी आणि मॉनिटर

कोडकडे जायच्या आधी हे उरकून घ्या, खूप जणांचं काम इथेच होतं.

मॉनिटरची वायर कुठे लावलीये? वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर वायर कार्डलाच लावायची, बोर्डाच्या एचडीएमआयला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, त्यात आतलं ग्राफिक्स नसतंच. एएमडीचं रायझन ५ ५६०० पण तसंच, ५६००जी मध्ये असतं पण ५६०० मध्ये नसतं. अशा प्रोसेसरला बोर्डाच्या पोर्टात वायर लावून जन्मभर बसलात तरी चित्र येणार नाही.

मग एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या वायरी. बोर्डाला मोठा २४ पिनवाला कनेक्टर लागतो हे सगळ्यांना दिसतं, पण प्रोसेसरसाठी वर कोपऱ्यात ८ पिनचा वेगळा कनेक्टर असतो, तो कूलरच्या आड लपतो आणि राहून जातो. तो नसला तर पंखे फिरतात, लाईट लागते पण प्रोसेसर उठत नाही, मग कोड ०० वर अडकतो किंवा काहीच दिसत नाही. ग्राफिक कार्डच्या वायरीही टक् आवाज येईपर्यंत दाबा.

आणि हात घालायच्या आधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटन बंद करून थांबू नका. मुंबईत जुन्या चाळीत आणि बऱ्याच जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला अर्थिंगच नसतं, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात त्या त्यामुळेच. प्लग काढून पॉवर बटन पाच-सहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून आपल्या अंगातली स्टॅटिक घालवा आणि नंतरच पार्टला हात लावा.

२. तुमच्या बोर्डवर नक्की काय आहे ते ओळखा

सगळ्या बोर्डांवर आकडे नसतात. चार प्रकार आहेत.

आकड्यांचा डिस्प्ले महागड्या बोर्डांवर असतो. असूस त्याला क्यू-कोड म्हणतं, एएसरॉक डॉक्टर डीबग म्हणतं, नावं वेगळी पण काम तेच.

मधल्या किमतीच्या बोर्डांवर चार छोटे दिवे असतात, शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक कार्ड), बूट असं छापलेलं. असूसमध्ये क्यू-एलईडी, एमएसआयमध्ये ईझेड डीबग एलईडी. चालू करताना हे दिवे एकामागोमाग लागतात आणि विझतात, ते बरोबर आहे. जो दिवा लागून तसाच राहतो तिथे गाडी अडकली. फक्त बूटचा दिवा राहिला असेल तर बाकी सगळं ठीक आहे, विंडोजची डिस्क सापडत नाहीये एवढंच, घाबरायचं कारण नाही.

तिसरा प्रकार बीप. त्यासाठी बोर्डाला छोटा स्पीकर लावावा लागतो, चार पिनांच्या प्लगचा काळा बिल्ला असतो तो, आजकाल कॅबिनेटसोबत येत नाही, पण फार महाग नाही, घेऊन ठेवाच. असूसच्या बोर्डवर एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे रॅम मिळाली नाही, एक लांब तीन छोटे म्हणजे ग्राफिक कार्ड मिळालं नाही, एकच छोटा म्हणजे सगळं ठीक. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डला हेच लावू नका, प्रत्येकाची भाषा निराळी.

चौथा लॅपटॉपचा, त्याचं शेवटी सांगते.

आकडे नाहीत, दिवेही नाहीत असा बोर्ड असेल तर पोस्ट कार्ड नावाचं छोटं कार्ड मिळतं. ऑनलाईन स्वस्तात दिसतं म्हणून कुठलंही उचलू नका. जुनी पीसीआय स्लॉटची कार्डं जुन्या बोर्डांनाच चालतात, आजच्या बोर्डवर तो स्लॉटच नसतो. नवीन बोर्डावर पोर्ट ८० चा आकडा बहुतेक वेळा टीपीएम किंवा एलपीसी असं छापलेल्या पिनांवर मिळतो, तेही सगळ्या बोर्डांवर नाही, त्यामुळे आधी मॅन्युअल बघा, पिना मोजा, मग कार्ड घ्या. चार आकडे दाखवणाऱ्या कार्डावर दोन आत्ताचे आणि दोन आधीचे असतात, कुठले कुठले ते कार्डसोबतच्या कागदावर बघा, चारी एकत्र वाचू नका.

३. कोड नीट वाचा, मनाने वाचू नका

हे सोपं वाटतं पण इथे घोळ होतो.

तो डिस्प्ले सात दांड्यांचा असतो, जुन्या कॅलक्युलेटरसारखा. त्यावर इंग्रजी बी मोठा काढला तर ८ सारखा दिसेल म्हणून छोटा काढतात, आणि तो छोटा बी हुबेहूब ६ सारखा दिसतो. फरक एकच, ६ ला डोक्यावर आडवी दांडी असते, बी ला नसते. बी२ आणि ६२ मध्ये कितीतरी लोक गोंधळतात. डी पण छोटाच येतो, तो ० समजू नका.

दुसरं, डिस्प्ले कुठल्या बाजूने बघताय? काही कॅबिनेटमध्ये बोर्ड उलटा बसतो, मग ९९ चं ६६ होतं. डिस्प्लेमध्ये टिंब असेल तर ते खाली उजवीकडे यायला हवं, किंवा बोर्डवरची अक्षरं ज्या दिशेने सरळ दिसतात त्या दिशेने वाचा.

तिसरं, आकडे पटापट बदलतात. फोन टेकवून ठेवा, व्हिडिओ चालू करा, मग पॉवर बटन दाबा, जमलं तर स्लो मोशनमध्ये घ्या. नंतर निवांत बघा, शेवटी कुठला आकडा स्थिर राहिला, की तेच तेच चार-पाच आकडे फिरून फिरून येतायत. फिरून येत असतील तर बोर्ड स्वतःच परत परत सुरू होतोय, आणि अशा वेळी परत पहिल्यापासून सुरू व्हायच्या आधीचा आकडा महत्त्वाचा. वहीत लिहून ठेवा.

४. थांबा, अजून जरा थांबा

याला वेगळा नंबर मुद्दाम दिलाय. डीडीआर५ रॅमचा नवीन पीसी पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात, रॅम जास्त असेल तर अजून जास्त. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते आणि असूसच्या बोर्डांवर १५ सारखा कोड अडकल्यासारखा दिसतो. माझ्या मावसभावाने याच वेळी घाबरून तीन वेळा बटन दाबून बंद केला, दर वेळी ट्रेनिंग पहिल्यापासून. चौथ्या वेळी मी त्याला चहा करायला पाठवलं, चहा उकळून गाळून होईपर्यंत स्क्रीनवर लोगो आला होता. नवीन पीसी असेल, रॅम बदलली असेल किंवा बायोस रिसेट केलं असेल तर पंधरा मिनिटं हात लावू नका.

५. कोड कुठल्या घरात पडतो ते बघा

मॅन्युअलमध्ये पूर्ण तक्ता असतो आणि शेवटचा शब्द त्याचाच. पण आजचे बरेचसे बोर्ड एएमआय कंपनीच्या बायोसवर चालतात, त्यांचे गट साधारण असे पडतात:

- ०१ ते ०एफ: अगदी सुरुवात, प्रोसेसर जागा होतोय
- १० ते २एफ: रॅम ओळखेपर्यंतचं काम
- ३० ते ४एफ: रॅम मिळाल्यानंतरचं
- ५० ते ५एफ: इथे चूक झालीये. ५० म्हणजे रॅमचा प्रकार किंवा स्पीड जुळत नाही, ५१ म्हणजे रॅमवरच्या चिपमधली माहिती वाचता आली नाही, ५३ म्हणजे वापरण्यासारखी रॅम नाही, ५५ म्हणजे रॅम लागलेलीच नाही, ५६ ते ५ए प्रोसेसरच्या तक्रारी
- ६० ते ८एफ: बाकीच्या चिपा आणि ड्रायव्हर उठतायत
- ९० ते सीएफ: बाहेरची मंडळी, ९२ पासून स्लॉटमधली कार्डं, ९ए पासून यूएसबी, ए० पासून डिस्क, बी२ जुन्या पद्धतीचं कार्डाचं बायोस
- डी० ते डीएफ: परत चुका. डी६ म्हणजे चित्र दाखवायला काही सापडलं नाही, डी७ म्हणजे कीबोर्डसारखं इनपुट सापडलं नाही, डी८ म्हणजे पासवर्ड चुकला
- ई० च्या पुढे: झोपेतून उठणं, आणि एफ० पासून बायोस रिकव्हरी

पाठ करायची गरज नाही. ५० ते ५५ दिसलं तर आधी रॅम, डी६ दिसलं तर ग्राफिक कार्ड, ९ए च्या आसपास अडकलं तर सगळ्या यूएसबी काढून बघा. एवढं लक्षात ठेवलंत तरी बरंच काम होतं. एका शेजाऱ्याचा पीसी यूएसबीच्या टप्प्यावर अडकायचा, दोषी निघाला खराब झालेला कार्ड रीडर, तो उपटला आणि पीसी सरळ सुरू.

जे कोड दिसले तरी काळजी नको: विंडोज चालू असताना एए दिसतं, काही बोर्डांवर ए०, ते "सगळं सुरळीत" आहे. पीसी झोपवून उठवला तर ३० किंवा ४० दिसू शकतं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर रोज ४० दिसेल. आणि काही बोर्ड विंडोज आल्यावर त्याच डिस्प्लेवर प्रोसेसरचं तापमान दाखवतात, आकडा ४८, ५१, ५५ असा हलत असेल तर ते तापमान आहे. पीसी चांगला चालतोय आणि ५५ दिसतंय म्हणून रॅम उपसत बसू नका.

६. रॅम काढा, पुसा, लावा

मुंबईत पावसाळ्यात नो डिस्प्लेचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण माझ्या अनुभवात हेच. समुद्राची हवा, दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत अशी दमट घरं, आणि त्यात पीसी काही दिवस बंद राहिला की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर चढतो.

रॅम उजेडात तिरकी धरून बघा. चांगली पट्टी पिवळी चकचकीत दिसते, थर आलेली मळकट, बोटाचा ठसा पडल्यासारखी. पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पट्टीच्या लांबीच्या दिशेने नाही तर वरून खाली एकाच दिशेला पुसा, दोन्ही बाजूंनी. शाईचा खरखरीत खोडरबर अजिबात नको, तो सोन्याचा मुलामाच खरवडून काढतो. खोडरबराचे कण कापडाने पूर्ण झटका, एक कण स्लॉटमध्ये राहिला तर नवीन प्रॉब्लेम. अल्कोहोल मिळालं तर खोडरबरापेक्षा तेच बरं, कापडाला लावून पुसायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. फुंकर मारू नका, तोंडातली वाफच जाते आत.

लावताना एकच स्टिक लावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा, त्याला बहुतेक मॅन्युअलमध्ये ए२ म्हणतात. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा, लॉक स्वतःहून उठून टक् करून बसलं पाहिजे. काही बोर्डांवर एकाच बाजूला लॉक असतं, तिथे दुसरी बाजू बसल्यासारखी दिसते पण अर्धा मिलिमीटर वर असते, कडेने वाकून बघा. एक स्टिक चालली तर दुसरी त्याच स्लॉटमध्ये बघा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. असं केलं की स्टिक खराब की स्लॉट खराब ते आपोआप कळतं.

७. बायोस रिसेट, पण आधी हे वाचा

रॅमने जमलं नाही तर बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणायच्या. प्लग काढा, मॅन्युअलमध्ये क्लिअर सीमॉस लिहिलेल्या दोन पिना शोधा, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडून धरा. किंवा बोर्डवरचा गोल सीआर२०३२ सेल काढून पाच-दहा मिनिटं ठेवा. सेल काढलाच आहे तर मल्टीमीटरवर मोजा, नवीन सेल ३ व्होल्टच्या आसपास असतो, बराच खाली उतरला असेल तर बदलून टाका. रोज घड्याळ मागे पडत असेल तर सेलच गेलाय.

मोठी खबरदारी: विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर रिसेटनंतर ते ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते न सांगताच चालू असतं. की मायक्रोसॉफ्ट अकाऊंटमध्ये सापडते, ती आधी फोनवरून बघून लिहून ठेवा. की नसेल तर डेटा गेला, कोणीही परत आणून देऊ शकत नाही. कामाच्या फायली असतील तर या एका गोष्टीसाठी दहा मिनिटं द्याच.

रिसेटनंतर रॅमचा एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमवर लिहिलेला पूर्ण स्पीड, परत चालू करावा लागतो. पण त्यानेच पीसी अडकत असेल तर तो बंदच राहू द्या.

८. सगळं काढून कमीत कमीवर या

अजूनही तोच कोड? मग प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस आणि चित्रासाठी लागेल तेवढंच ठेवा. हार्डडिस्क, एसएसडी, यूएसबी, पुढच्या पॅनलच्या वायरी, सगळं काढा. बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवून चालू करून बघा, कॅबिनेटचा एखादा जास्तीचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) बोर्डाला मागून टेकत असेल तर तेही यात पकडलं जातं. सुरू झालं की एकेक पार्ट वाढवा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर कोड वहीत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

कोड ०० वर किंवा सीपीयूच्या दिव्यावर अडकलं आणि प्रोसेसर बोर्डापेक्षा नवीन असेल तर बायोस जुनं असू शकतं. एएमडीच्या बी४५० बोर्डवर रायझन ५००० लावला की हे बऱ्याचदा होतं. बोर्डला बायोस फ्लॅशबॅकचं बटन असेल तर प्रोसेसर न चालताही पेनड्राईव्हवरून बायोस टाकता येतं, पेनड्राईव्ह फॅट३२ फॉरमॅट करा, फाईलला मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नाव द्या, ठरलेल्या पोर्टातच लावा. दिवा लुकलुकतोय तोपर्यंत हात नाही लावायचा, आणि पावसात लाईट जायची भीती असेल तर यूपीएसवरच करा.

प्रोसेसर उचलून बघायचं असेल तर सॉकेटच्या पिनांना बोट किंवा कापड अजिबात लावू नका. फक्त वरून उजेड टाकून फोनने फोटो काढा आणि मोठा करून बघा, सगळ्या पिना एका रांगेत चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळ्या दिशेला चमकली तर ती वाकलीये.

९. दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आली तर

मुंबईत कॉम्प्युटर पार्टच्या दुकानांसाठी लॅमिंग्टन रोडला जायचं असेल तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, चालत पोचता. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. बोर्ड नेताना त्याच्या अँटी-स्टॅटिक पिशवीत आणि डब्यात, नुसता पिशवीत टाकून लोकलच्या गर्दीत नाही. इंटेलच्या बोर्डवर सॉकेटचं काळं प्लास्टिकचं झाकण येतं ते फेकू नका, बोर्ड वॉरंटीत देताना ते मागतात, आणि वाटेत पिना वाकल्या तर फिजिकल डॅमेज म्हणून वॉरंटी नाकारली जाते.

पार्ट देताना सीरियल नंबरचे फोटो काढून घ्या आणि पावतीवर नंबर लिहायला सांगा. आणि बोलताना "चालू होत नाही" एवढंच म्हणू नका. असं सांगा: "कोड ५५ वर थांबतो, दोन वेगळ्या स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये बघितल्या, बायोस रिसेट केलं, तरी तेच." व्हिडिओ दाखवा. समोरच्याला कळतं की यांनी तपासलंय, बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. कुणी न तपासता बोर्ड गेला म्हणाला तर दुसरी रॅम लावून कोड बदलतो का ते तुमच्या समोर दाखवायला सांगा. चांगला कारागीर हे आनंदाने करतो.

१०. लॅपटॉपवाल्यांसाठी

लॅपटॉपमध्ये आकडे नसतात, चार्जिंगचा किंवा पॉवरचा दिवा ठरावीक पद्धतीने लुकलुकतो. डेलमध्ये आधी नारिंगी आणि मग पांढरा: २ नारिंगी १ पांढरा प्रोसेसर, २ आणि २ बोर्ड किंवा बायोस, २ आणि ३ रॅम मिळाली नाही, २ आणि ४ रॅम खराब, २ आणि ७ स्क्रीन, ३ आणि १ आतला गोल सेल. एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आधी लाल लांब आणि मग पांढरे छोटे, त्यात ३ लाल २ पांढरे म्हणजे रॅम. मध्ये थोडा थांबून तोच क्रम परत येतो, म्हणून दोन-तीन फेऱ्यांचा व्हिडिओ घ्या आणि मगच मोजा, पहिल्या फेरीत मोजलेलं बहुतेक वेळा चुकतं.

लॅपटॉप उघडायच्या आधी चार्जर काढा आणि खालचं झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मगच रॅमला हात. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, ती काढता येत नाही. तिथे रॅमचा कोड आला आणि सगळं बंद करून, पॉवर बटन तीस सेकंद दाबून धरूनही गेला नाही, तर सरळ सर्व्हिस सेंटरला न्या, आणि नेताना तो लुकलुकण्याचा व्हिडिओ सोबत असू द्या.